‘एनर्व्हेट’, ‘डेबिलिटेट’ की ‘सॅप’?

एखाद्या गोष्टीने माणसाचे बळ काढून घेतले, एवढेच इंग्रजीत लिहायचे असले की समानार्थी शब्दांचा कोश सात-आठ क्रियापदे एका ओळीत मांडतो आणि ती एकमेकांच्या जागी सहज चालतील असा समज करून देतो. अनुवादाच्या आणि अहवाल तपासण्याच्या कामात ही निवड मला वारंवार करावी लागते, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. ‘टायर’ आणि ‘वीकन’ ही क्रियापदे सर्वांच्या हाताखालची आहेत. प्रश्न पडतो तो त्यांच्या पुढच्या पायरीवर.

तिथेही तीन शब्दांची सोडवणूक लवकर होते. ‘एक्झॉस्ट’ या क्रियापदाच्या लॅटिन मुळात उपसून काढण्याची कल्पना आहे आणि ती अजून पुरती पुसली गेलेली नाही. तळ लागला असेल तरच हा शब्द शोभतो, म्हणूनच ‘स्लाइटली एक्झॉस्टेड’ असे वाचताना कुठे तरी अडखळायला होते. ‘डिप्लीट’ हा साठ्यांचा शब्द आहे. ओझोन थराची हानी करणाऱ्या पदार्थांबाबतच्या 1987 च्या माँट्रियल करारनाम्याच्या अधिकृत नावात हेच क्रियापद आहे आणि तिथे ते नेमके बसते. पण माणसाच्या थकव्याला ते लावले की वाक्याला गोदामाच्या नोंदवहीचा वास येतो. ‘ड्रेन’ मात्र गुणी आहे. त्यात जे जाते ते कुठे तरी वाहून जाते असे सुचते, आणि दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणासाठी हा शब्द वापरला तो किती चपखल होता हे यावरून लक्षात येते. भावनिक थकव्यासाठी ‘ड्रेन्ड’ आजही उत्तम चालतो, फक्त तो इतका बोलण्यातला झाला आहे की गंभीर लेखनात थोडा सैल वाटतो.

उरतात ते शीर्षकातले तीन.

‘डेबिलिटेट’चा आधार भक्कम आहे. हा शब्द वाचला की माणसाची रोजची कामे अडली आहेत, नुसता कंटाळा आलेला नाही, हे वाचकाला सांगावे लागत नाही. आजार, उपचारांचे दुष्परिणाम, दीर्घकाळची वेदना, एवढेच काय पण संकटात सापडलेली अर्थव्यवस्था, या सगळ्यांसाठी तो विश्वासाने वापरता येतो. त्याची अडचण वजनाची आहे. एका लांबलेल्या बैठकीला ‘डेबिलिटेटिंग’ म्हटले की लेखक अतिशयोक्ती करतो आहे असे वाटू लागते, आणि पुढे खरोखरच कोणी अंथरुणाला खिळले तर त्याच्यासाठी शब्द शिल्लक राहत नाही.

‘एनर्व्हेट’ हा खरे तर या तिघांतला सर्वांत देखणा शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘नेर्व्हुस’ म्हणजे मुळात कंडरा. ती काढून घेतल्यावर हातापायाची जी गत होईल ती या शब्दात आहे. उष्ण आणि दमट हवा, ऐषआराम, फार दिवसांचे रिकामपण यांमुळे माणसाला जी मरगळ येते, तिच्यासाठी इंग्रजीत इतका नेमका दुसरा शब्द मला तरी आढळलेला नाही. आणि तरीही मी तो जवळजवळ सोडून दिला आहे.

कारण एकच, पण ते टाळता येत नाही. सुरुवातीच्या ध्वनीमुळे असंख्य वाचकांना तो ‘एनर्जी’च्या घरातला वाटतो आणि ते त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे तरतरी आणणे असा, घेतात. माझ्या एका अनुवादात किनारपट्टीच्या हवेला ‘एनर्व्हेटिंग’ असे विशेषण होते. तपासणाऱ्या संपादकांनी समासात लिहिले की, मागच्या परिच्छेदात या हवामानाविषयी तक्रार आहे, मग इथे अचानक स्तुती कशी? शब्द बरोबर होता, कोशात तसाच होता, आणि तरीही वाक्य हरले होते. मला खुपते ते असे की, हा गैरसमज स्वतःची चाहूल देत नाही. दुसरा एखादा शब्द चुकीचा समजला गेला तर वाक्य बहुधा मोडते आणि वाचक थांबतो. इथे मात्र समुद्राची हवा थकवते हेही पटण्यासारखे आणि ती ताजेतवाने करते हेही पटण्यासारखे, त्यामुळे वाचक उलटा अर्थ घेऊन समाधानाने पुढे जातो. संपादकांनी निदान विचारले तरी. बाकीचे विचारत नाहीत. अनेक कोशांना या गोंधळाबद्दल वेगळी टीप द्यावी लागते, पण टीप वाचणारा वाचक मुळात चुकत नाही. भरीला शरीररचनाशास्त्रात ‘इनर्व्हेट’ हा शेजारी आहेच, ज्याचा अर्थ अवयवाला मज्जातंतूंचा पुरवठा करणे असा होतो. वैद्यकीय मजकुरात स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांचा फरक पडला की काढून घेणे आणि पुरवणे यांची अदलाबदल होते.

अशा वेळी ‘सॅप’ हाताशी येतो. हा शब्द आखूड आहे आणि त्याचा उलटा अर्थ कोणी लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वेढा घालणारे सैन्य तटाच्या दिशेने चर खणत जाई आणि पायथा पोखरून काढी, त्या खणण्याला ‘सॅप’ म्हणत. इटालियन भाषेतल्या कुदळीच्या नावापासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि लष्करी अभियंत्यांना आजही ‘सॅपर’ म्हणतात. झाडाच्या रसाचा ‘सॅप’ वेगळ्या कुळातला असला तरी रस शोषला जाण्याची छटा त्याने या क्रियापदाला जोडून दिली आहे. त्यामुळे हळूहळू, बाहेरून न दिसता, आतून होणारी झीज सांगायला तो फार चांगला पडतो: ‘मंथ्स ऑफ वेटिंग हॅड सॅप्ड हर कॉन्फिडन्स’ या वाक्यात तो ‘एक्झॉस्टेड’ने बदलून पाहावा, म्हणजे प्रक्रिया जाऊन नुसता निकाल उरतो हे दिसेल.

त्याच्या मर्यादाही आहेत. अमेरिकी बोलीत नाम म्हणून तो भोळसट माणसाला लावतात. सुटे विशेषण म्हणून ‘सॅपिंग’ लंगडे वाटते, ते ‘एनर्जी-सॅपिंग’ असे जोडूनच वापरावे लागते. शिवाय त्याला कर्म म्हणून शक्ती, मनोबल, इच्छा असे काही लागते. थेट माणूस कर्मस्थानी ठेवला तर ‘ऑफ’ लावून काय गेले ते सांगितलेले बरे. रुग्णाचा इतिहास लिहायचा असेल तर मीसुद्धा ‘डेबिलिटेट’च निवडतो. ‘एनर्व्हेट’ वापरायचाच असेल, तर त्याच वाक्यात गळालेले हातपाय किंवा जड झालेल्या पापण्या दाखवाव्यात, म्हणजे वाचकाला उलट्या बाजूला जायला वाट राहत नाही.