टेली-मानस १४४१६ : बांधावरून लावलेला फोन

फोन फुकट, रात्री-बेरात्रीही लागते, अन् मराठीत बोलतात. मनाच्या त्रासावर बोलाले २०२२ पासून ही सरकारी सेवा हाय, पण आमच्या यवतमाळकडच्या गावात आशाताईनं सांगेपर्यंत कोणाले पत्ता नव्हता.

कापूस वेचता वेचता माझी छाती धडधडे, हाताले मुंग्या येत, आता जीव जाते असं वाटे. ईसीजी साफ निघाला. मग सासूबाई म्हणे, बाहेरचं हाय, लिंबू उतरवा. जाऊबाईचं वेगळंच, "डोक्याच्या डॉक्टरकडं गेली तं पोरीले स्थळ येईन का?" (पोरगी चौथीत हाय!)

म्हणून घरून नाही, तुरीच्या बांधावरून बोलली. तिकडच्या ताईनं घाई केली नाही. झोप, जेवण, चहा किती, कर्ज किती, सारं विचारलं. श्वास हळूहळू सोडाले लावला. हा घाबरण्याचा आजार असू शकते, इलाजानं बरं वाटते, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरले दाखवा म्हणाली. गेली मी. चिठ्ठीवाल्या रांगेत ओळखीचं कोणी दिसलं तं पदर ओढून घेतला, खोटं कायले सांगू.

परवा जाऊबाईनंच नंबर मागितला, भावासाठी म्हणे.

गावात रेंज नसन तं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन लावा.