अनुदानित कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्री, वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

बारावीनंतर केमिस्ट्रीच करायची हे ठरलेलं होतं, प्रश्न एवढाच की कुठे आणि किती पैशात. आता दुसरं सेमिस्टर संपत आलंय, रिझल्टनंतर बरेच जण हेच शोधत फिरतात म्हणून लिहितेय. मी सांगलीत शिकते, कॉलेजचं नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित ते विचारा. एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये कितीतरी पट फरक पडतो. अनुदानितमध्ये शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, त्यामुळे माझी वर्षाची फी दहा हजारांच्या आत बसली, आणि डिग्री दोन्हीकडे शिवाजी विद्यापीठाचीच मिळते. पुण्याचा पण विचार केलेला. तिथल्या जुन्या कॉलेजांची अनुदानित फी परवडते हो, पण कॉट बेसिस आणि मेस नाही परवडत. इथे सवलतीच्या एसटी पासवर घरून येऊन जाऊन होतं. कोल्हापूरकडच्यांनी राजाराम कॉलेज बघावं, १८८० पासूनचं सरकारी कॉलेज आहे.

आता लॅब, कारण माझ्या मते केमिस्ट्रीत पैसे वसूल होतात ते इथेच. आमच्याकडे टायट्रेशनला (रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग) प्रत्येकाला स्वतःचा ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी, मिळतो, गटात एकाने करायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं असं चालत नाही. फिनॉल्फ्थॅलिनचा (रंग बदलून शेवट दाखवणारं इंडिकेटर) फिका गुलाबी रंग जरा गडद झाला की मॅडम परत करायला लावतात, आणि तीन रीडिंग जुळेपर्यंत सोडत नाहीत, वहीत बसवून लिहिलेलं त्यांना लगेच कळतं. सुरुवातीला वैताग यायचा पण आता हात बसलाय. दुसऱ्या एका कॉलेजात माझी मैत्रीण चौपट फी भरते, इमारत चकाचक आहे, पण प्रॅक्टिकलला पाच जणांत एक सेट आणि बाकीचा वेळ जर्नल उतरवण्यात जातो. मला हे फार वाईट वाटतं, ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

तक्रारी म्हणजे फ्यूम हूडचा (वाफा बाहेर ओढणारं कपाट) पंखा नीट ओढत नाही, अमोनिया उघडला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि हे सांगूनही दुरुस्त झालेलं नाही. डिस्टिल्ड वॉटर मध्येच संपतं. नवीन शैक्षणिक धोरणामुळे इतर विषयांचे तास मधेमधे येतात आणि प्रॅक्टिकलची वेळ सारखी सरकते. प्लेसमेंटच्या नावाने फारसं काही नाही, पण मला तसंही जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटीत एमएस्सी करायचंय आणि जॅमला तुमचं कॉलेज कोणतं हे कोणी विचारत नाही.

बघायला जाल तर ॲडमिशनच्या गर्दीत नको, प्रॅक्टिकल चालू असेल त्या दिवशी जा. लॅब असिस्टंटला विचारा एका बॅचला किती मुलं असतात, बॅलन्स (वजनकाटे) किती चालू आहेत. माहितीपत्रकात यातलं काही नसतं.

स्कॉलरशिपचं पण बघा. बोर्डात टॉप एक टक्क्यात असाल तर इन्स्पायर शी या केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपमध्ये वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळतात आणि बीएस्सी केमिस्ट्री त्यात बसते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फीसवलतीच्या योजना आहेत, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर मरणाची रांग असते.