सेलेंजर्स राउंड की सेलर्स हॉर्नपाइप?

दोन्ही धुना इंग्लंडच्या, दोन्ही नाचाच्या. पण नवशिक्याला मी ‘सेलेंजर्स राउंड’च सुचवेन. ६/८ चा ठेका, तीन-तीन मात्रांचा झोका, हात धरून केलेलं रिंगण. पाय आपोआप पडतात. इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डने सोळाव्या शतकातच कीबोर्डसाठी तिच्यावर व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची सजवलेली रूपं, रचली. मूळ धून साधी, म्हणूनच एवढं नक्षीकाम सहज पेलते.

‘सेलर्स हॉर्नपाइप’ सम मात्रांची, एकट्याच्या चपळ पावलांसाठी. सूर भराभर धावतात आणि शेवटी तीन ठाम ठोके पडतात. तिथे टाच आपटायचा मोह आवरत नाही. संगीत-संचालक हेन्री वुडने १९०५ मध्ये ट्रफाल्गरच्या नौदल लढाईच्या शताब्दीसाठी ती ऑर्केस्ट्रात आणली. लंडनच्या ‘प्रॉम्स’ या संगीत महोत्सवाच्या अखेरच्या रात्री तिची लय वाढत जाते, तसे श्रोतेही टाळ्या वाजवत तिच्यामागे धावतात.