बेडस्ट्रॉच्या रोपांत माझे 56 पौंड गेले, तुमचे जाऊ नयेत

मी इंग्लंडमध्ये ससेक्सला राहते, लोकर कातते आणि घरीच रंगवते. वाईला माझी आजी केसांच्या तेलात मंजिष्ठेची मुळं घालायची. तेलाला हळूहळू चढणारा तो लाल रंग अजून डोळ्यांसमोर आहे. इथे एका जुलैत साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर फिरताना गवतात पिवळ्या फुलांचे झुपके दिसले, वास अगदी मधासारखा. ती लेडीज बेडस्ट्रॉ, म्हणजे गॅलियम व्हेरम. मंजिष्ठेच्याच कुळातली, आणि हिच्याही मुळांतून लाल रंग निघतो. पूर्वी इकडे ती वाळवून गादीत भरत, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हापासून ती आपल्या परसात हवीच, असं मनाने घेतलं.

टेकडीवरून आणण्याचा प्रश्न नव्हता. 1981 च्या कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं इथे गुन्हा आहे.

मग ऑनलाइन एक जाहिरात दिसली: 'तीन वर्षांची रोपं, मुळं रंगासाठी तयार.' माझं मन नेमकं इथेच अडकलं. बेडस्ट्रॉची मुळं सुतासारखी बारीक असतात, रंगापुरती जमायला दोन-तीन वर्षं जातात, आणि इथे ती वर्षं कुणीतरी आधीच घालवलेली! आठ रोपांचे 56 पौंड. विक्रेत्याने गोड बोलून सांगितलं, ऑनलाइन पैसे पाठवताना खरेदीऐवजी 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडा, म्हणजे फी लागणार नाही. मी पाठवले. अशा पैशांना खरेदीदाराचं कसलंच संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुंड्या आल्या. रोपं बोटभर, पानं दांड्याभोवती चक्रासारखी. ते चक्र पाहूनच मी खूश झाले. पण एका रोपाच्या बुडाशी दोन लंबगोल बीजपत्रं, म्हणजे बी रुजताना येणारी पहिली पानं होती, टोकाला खाच असलेली. तीन वर्षांच्या रोपाला बीजपत्रं कुठून असणार? मी विचारलं. उत्तर आलं, 'थंडीत ती अशीच दिसतात. फुलं येईपर्यंत धीर धरा.'

खरी फसवणूक या वाक्यात आहे. बेडस्ट्रॉ फुलते जून-जुलैनंतर. दुकानदाराकडून घेतलेला सदोष माल परत करून पूर्ण पैसे मागायला कायद्याने 30 दिवस मिळतात. तोवर तुम्ही फुलांची वाट बघत बसलेले असता.

मेच्या मध्यावर रोपं कुंपणावर चढली. पाणी घालताना एक फांदी माझ्या स्वेटरच्या बाहीला अशी चिकटली की सोडवताना लोकरीचे धागे ओढले गेले. भिंग आणून पाहिलं: दांडा चौकोनी, त्याच्या कडांवर खाली वळलेले इवलेसे आकडे. शेजारच्या आजोबांनी एका नजरेत ओळखलं, ते क्लीव्हर्स होतं, गॅलियम ॲपरिनी. इथल्या प्रत्येक कुंपणात फुकट उगवणारं वर्षायू तण. त्याची गोल, आकडेदार फळं कपड्यांना आणि कुत्र्यांच्या केसांना चिकटून गावभर पसरतात. एका माणसाने ते उपटून कुंड्यांत लावलं आणि सात पौंडाला एक असं मला विकलं. मला याचा आजही संताप येतो. मी फोटो पाठवले, तर उत्तर नाही, आणि दोन दिवसांत खातंच गायब.

तुम्ही घेणार असाल तर फुलांची वाट पाहू नका, फक्त दांड्यावरून बोट खालून वर फिरवा. खऱ्या बेडस्ट्रॉचा दांडा बोटाला धरत नाही, तो गोलसर असतो आणि त्यावर चार उभ्या रेघा असतात. पानं सुईसारखी अरुंद, गडद हिरवी, कडा खाली दुमडलेल्या, एका चक्रात बहुधा आठ ते बारा. क्लीव्हर्सची पानं टोकाकडे रुंद होतात, सहा ते आठच असतात आणि खरखरीत लागतात. पांढऱ्या फुलांची हेज बेडस्ट्रॉही हिच्या नावावर खपू शकते. तिचा दांडाही चिकटत नाही, म्हणून तिथे पानाची रुंदी बघा. कुंडी उलटी करून मुळंही पाहा: जुन्या रोपाला आडवी पसरणारी, लालसर-पिवळी मुळं हवीत. विक्रेता लॅटिन नाव लिहून देत नसेल किंवा 'रानातून आणलंय' म्हणत असेल, तर घेऊ नका. पैसे कार्डानेच द्या.

मी क्लीव्हर्स फळं धरण्याआधीच उपटून टाकलं. ऑक्टोबरात उन्हाच्या कोपऱ्यात, खत न घालता, चुनखडीच्या हलक्या मातीत गॅलियम व्हेरमचं बी पेरलं. आता बारीक सुयांची हिरवी चक्रं वर आली आहेत, बोटाला मऊ लागतात.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, नव्या नावाने. फोटो मात्र तोच: पिवळ्या फुलांमागे जुनं फाटक, आणि डावीकडे निळी बादली.