केव्हर्नची वीट

गेल्या महिन्यात अमळनेरच्या एका परिचितांनी मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली आणि ‘तुम्ही जाऊन आलेले आहात, तर हे कसे काय वाटते’ असे विचारले. अमेरिकेत मेम्फिसला गायक एल्विस प्रेस्लीच्या ग्रेसलँड या घराचा वरचा मजला दाखवण्याचे आणि लंडनमध्ये ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या घरी चहापान घडवण्याचे आश्वासन तिच्यात होते. ग्रेसलँड १९८२पासून लोकांना पाहता येते, परंतु वरचा मजला पर्यटकांसाठी कधीही उघडलेला नाही. आणि मर्क्युरीचे केन्सिंग्टनमधले घर खासगी मालकीचे असल्यामुळे चाहत्याला भिंतीबाहेर उभे राहण्यापलीकडे तेथे काही करता येत नाही. जाहिरातीखालचा फोन नंबर नवा होता, भाषा मात्र ओळखीची होती. २०२४ साली याच भाषेला भुलून मी आणि माझे थोरले बंधू नाना यांनी जे गमावले, ते सविस्तर लिहिणे त्यामुळे मला भाग पडले.

आमचे वडील भुसावळला रेल्वेत होते. वसाहतीत शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहत असे आणि त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर नानांनी शाळकरी वयात लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडची गाणी ऐकली, ती आजतागायत त्यांच्या कानातून गेलेली नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी लिव्हरपूल पाहण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा मी जळगावात चौकशी सुरू केली आणि कोणीतरी ‘रॉक यात्रा’ काढणाऱ्या एका कार्यालयाचे नाव सुचवले. ते नाव मी येथे देत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे.

त्या खोलीत बसलेला पस्तिशीचा माणूस नम्र होता आणि मुख्य म्हणजे त्याला सर्व काही पाठ होते. बीटल्स लिव्हरपूलच्या तळघरातल्या केव्हर्न क्लबमध्ये २९२ वेळा वाजवून गेले, त्यांचा पुढचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन याने त्यांना तेथे ९ नोव्हेंबर १९६१ रोजी प्रथम पाहिले, लंडनमधल्या ॲबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवरचे, त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचे छायाचित्र ८ ऑगस्ट १९६९ रोजी काढले गेले, हे सर्व त्याने न अडखळता सांगितले आणि नानांचा चेहरा उजळला. मी ३१ वर्षे बँकेत नोकरी केली, कर्ज मागणाऱ्यांचे सातबारे उलटेसुलटे करून तपासले. पण या गृहस्थाच्या पाठांतरालाच मी त्याची कागदपत्रे समजून बसलो.

एकदा नानांनी त्याला अडवलेही होते. तो ‘मूळ तळघरात राखीव टेबल’ म्हणाला, तेव्हा नाना म्हणाले की मूळ क्लब १९७३ साली बंद करून पाडण्यात आला आणि आजचा क्लब १९८४ साली त्याच जागेच्या काही भागावर, जुन्या विटा वापरून पुन्हा बांधलेला आहे. तो क्षणभरही गडबडला नाही. ‘नाना, तुमच्यासारखा जाणकार क्वचितच भेटतो,’ असे म्हणून त्याने कपाटातून पितळी पट्टी बसवलेली एक लाल वीट काढली आणि विशेष प्रवेशाची नोंदणी करणाऱ्यांना मूळ केव्हर्नची ही वीट भेट मिळते, असे सांगितले. मूळ क्लबच्या काही विटा त्या काळी धर्मादाय कामासाठी खरोखरच विकल्या गेल्या होत्या, हे नानांना ठाऊक होते. शंका घेणाऱ्याचे तोंड त्याच्याच माहितीने बंद करण्याची ही हातोटी मला फार उशिरा कळली.

व्यवहार दोन भागांत झाला आणि फसवणुकीची मेख त्यातच होती. विमान, हॉटेल आणि व्हिसाच्या कामाचे ५,८०,००० रुपये आम्ही धनादेशाने दिले. त्याची जीएसटीसह पावती मिळाली, त्यावर तेव्हाच्या ५ टक्के दराने २९,००० रुपये टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) वेगळा घेतला गेला आणि तो माझ्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कर-नोंदीत, दिसूही लागला. हा भाग चोख असल्यामुळे दुसऱ्या भागाकडे आम्ही डोळसपणे पाहिले नाही. ‘विशेष प्रवेशा’चे, म्हणजे स्टुडिओ, बीटल्सची घरे आणि राखीव टेबल यांचे १,१२,००० रुपये लंडनच्या भागीदाराला तातडीने पाठवायचे आहेत म्हणून ते एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने मागितले गेले आणि दिवसाच्या मर्यादेमुळे मी ते पहिल्या दिवशी एक लाख व दुसऱ्या दिवशी बारा हजार असे भरले. दोन दिवसांच्या मधल्या रात्रीसुद्धा मला विचारावेसे वाटले नाही की, कंपनीचे खाते असताना पैसे एका व्यक्तीच्या नावावर का जात आहेत.

सप्टेंबरमध्ये आम्ही लंडनला पोहोचलो. बीटल्सनी जेथे गाणी ध्वनिमुद्रित केली तो ॲबी रोड स्टुडिओ आतून पाहण्याच्या व्हाउचरवर भेटण्याचे ठिकाण ‘ॲबी रोड स्टेशन’ असे छापलेले होते, त्याप्रमाणे आम्ही सकाळी नऊ वाजता तेथे उतरलो. ते पूर्व लंडनमधले डीएलआर या हलक्या रेल्वेचे छोटे स्टेशन निघाले. स्टुडिओ आणि ते प्रसिद्ध क्रॉसिंग शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंट जॉन्स वूड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्यासारखे चाहते इतक्या वेळा या नावाला फसतात की, तुम्ही चुकीच्या ठिकाणी आला आहात असे सांगणारा फलकच तेथे लावलेला आहे. नाना तो फलक वाचून हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण हे व्हाउचर तयार करणाऱ्याने लंडन कधी पाहिलेले नाही, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आले.

जवळच्या वेस्ट हॅमहून मेट्रोच्या ज्युबिली लाइनने आम्ही सेंट जॉन्स वूडला गेलो. स्टुडिओच्या फाटकावरच्या माणसाने व्हाउचर हातात घेतले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की हा चालू स्टुडिओ आहे, येथे रोजची पर्यटक फेरी नसते, शेजारच्या दुकानात मात्र कोणीही जाऊ शकते. क्रॉसिंग सार्वजनिक रस्त्यावर आहे, त्याला तिकीट नाही. २०१०पासून त्याला संरक्षित वारशाचा दर्जा आहे. तेथे मी नानांचा फोटो काढला. तो चांगला आला आहे.

लिव्हरपूलला अधिक वाईट वाटले. बीटल्सपैकी जॉन लेनन जेथे वाढला ते ‘मेंडिप्स’ आणि पॉल मॅकार्टनीचे २०, फोर्थलिन रोड ही दोन्ही घरे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. आत जायचे असल्यास ट्रस्टकडेच आगाऊ नोंदणी करून त्यांच्या मिनीबसने जावे लागते. परस्पर दारात जाऊन प्रवेश मिळत नाही. मिनीबसजवळ उभ्या असलेल्या बाईंनी हातातल्या यादीवरून बोट दोनदा फिरवले. आमची नावे नव्हती आणि बस भरलेली होती. आमच्याकडचा ‘बुकिंग क्रमांक’ त्यांच्या पद्धतीचा नव्हता, हे त्यांनी दुसऱ्या एका प्रवाशाचा ईमेल दाखवून समजावले. तिकीट ट्रस्टच्या संकेतस्थळावर साध्या दराने मिळते, पण आम्ही दुसऱ्या दिवशी परतणार होतो. राखीव टेबलाची कथाही तशीच निघाली. केव्हर्नमध्ये दारावर थोडक्या पौंडांचे तिकीट काढून आम्ही इतरांप्रमाणे आत गेलो आणि उभ्याने गाणी ऐकली.

परतल्यावर कार्यालयातील गृहस्थ म्हणाला की लंडनच्या भागीदाराने त्यालाही फसवले आहे. तीन आठवड्यांनी खोलीला कुलूप लागले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी त्यानंतर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर काही तासांत फोन केला तर ते खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, माझे तर चार महिने उलटले होते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीचा अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही गेलो. तेथे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आमचा एकूण मोबदला त्याहून जास्त असल्यामुळे ते भरावे लागले. धनादेशाची पावती आमच्याजवळ होती, परंतु विशेष प्रवेशाचा उल्लेख तिच्यात नव्हता. तो फक्त व्हॉट्सॲपवर होता, तेही मी सुदैवाने पुसले नव्हते.

विटेचे प्रकरण दिवाळीच्या साफसफाईत उघड झाले. नानांनी ती शोकेसमधून काढली, तेव्हा पितळी पट्टीचा डिंक सुटला. पट्टीखाली भट्टीचा छाप कानसाने घासून काढलेला होता, पण घासणाऱ्याला घाई झाली असावी. बोट फिरवले की ‘श्री’चा वरचा वळसा लागत होता. नानांनी वीट उजेडात धरली आणि म्हणाले, ‘अरे, हाई ईट ते आपलीज शे.’

ती आम्ही पुरावा म्हणून पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदाराने ती कशाची वीट आहे असे विचारले. नाना लिव्हरपूलपासून सांगू लागले. त्याने दोन मिनिटे ऐकून घेतले आणि पंचनाम्यात लिहिले : लाल मातीची भाजकी वीट, एक नग.