स्वस्त इम्युनोथेरपीच्या नावाखाली आमचे १,७७,००० रुपये लुटले

आईला फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. तिने जन्मात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. बायोप्सीचा तुकडा ईजीएफआर, एएलके या जीन्समधले बदल तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण रात्र रात्र खोकणारं माणूस समोर असलं की थांबणं कसं असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

ओळखीतून एका 'कोऑर्डिनेटर'चा नंबर मिळाला. पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं इम्युनोथेरपीचं औषध, त्याची १०० मिलिग्रॅमची वायल (छोटी बाटली) ८२,५०० रुपयांना, म्हणे कंपनीच्या मदत योजनेतली. दुकानात भाव जवळपास दुप्पट सांगितला होता. एका डोसला दोन वायल, म्हणजे १,६५,०००. त्यातले ५०,००० आधी, उरलेले माल आल्यावर, सगळे एका बाईच्या यूपीआयवर. कोणाच्याही खासगी खात्यावर औषधाचे पैसे टाकू नका.

जीन रिपोर्ट यायचाय, असं मी त्याला स्वतःहून सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, रिपोर्टचं सोडा, इम्युनो सगळ्यांनाच चालते." फोन तिथेच आपटायला हवा होता. औषध खरंच माहीत असलेला माणूस आधी रिपोर्ट मागतो. ईजीएफआर किंवा एएलके बदल असलेल्या गाठीवर इम्युनोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही, त्यांना आधी गोळ्या देतात. हे मला तेव्हा कोणी समजावलं होतं? नुसतं 'थांबा' म्हणाले होते!

थर्माकोलच्या डब्यात बर्फाचं पाणी झालेलं. एका वायलचं प्लॅस्टिकचं टोपण गायब. तो म्हणाला, "प्रवासात निघालं असेल." हे औषध २ ते ८ अंशांत राहावं लागतं. टोपण नसलेली वायल हातातसुद्धा घेऊ नका. त्यानेच सुचवलेल्या नर्सिंग होमने १२,००० घेऊन दोन्ही वायल आईला चढवल्या.

मग रिपोर्ट आला: ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे ईजीएफआर जीनमध्ये बदल आहे. हिला ओसिमर्टिनिबची गोळी हवी होती. आणि इम्युनोथेरपीनंतर लगेच ती गोळी दिली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. आता आईच्या अंगात नेमकं काय गेलंय, हेच डॉक्टरांना कळेना. खरं औषध की नुसतं पाणी? २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी रिकाम्या वायलमध्ये बुरशीवरचं औषध भरून विकत होती. म्हणून सांगते, रिकाम्या वायलचं लेबल आपल्यासमोर फाडून घ्या, त्याआधी बॅच नंबरचा फोटो काढा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा ऑनलाइन फ्रॉड कसा? औषध खात्याने बिल आणि सीलबंद नमुना मागितला. बिल त्याने दिलंच नव्हतं आणि दोन्ही वायल आईच्या शिरेत गेल्या होत्या, तर सीलबंद नमुना आणायचा कुठून? रिकाम्या वायल टेबलावर ठेवल्या, तर साहेबांनी त्यांना हातही लावला नाही. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता," असं मात्र ऐकवलं. यूपीआय खात्याचं नाव आहे, मोबाइल नंबर आहे, नर्सिंग होमचा पत्ता आहे. आणखी काय द्यायचं यांना? नर्सिंग होमवाल्यांना साधा फोनही कोणी केला नाही. मी अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली आहे, तुम्हीही तोंडी तक्रार करून परत येऊ नका. पैसे गेल्याचं कळताच आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, खातं गोठवायला वेळ फार थोडा असतो.

याच पद्धतीने कोणाला वायल विकल्या गेल्या असतील तर डबा, टोपण, चॅट काहीही टाकू नका, आणि पुढचा डोस घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सगळं सांगा.