किसुमूतलं घर आणि गेलेले ५०,००० शिलिंग

केनियात स्वयंसेवक म्हणून एकट्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. संस्था राहण्याचा भत्ता देते, पण घर ज्याचं त्याने शोधायचं असतं, अशांनी तर नक्की वाचा.

मी साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. दिव्यांग मुलांच्या एका केंद्रात वर्षभर काम करायला किसुमूला आले. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं हे शहर. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली इथवर पोचली आणि तिच्यामागोमाग आलेले गुजराती, पंजाबी दुकानदार इथेच राहिले. दुकानाला इथे ‘दुका’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबू’, आणि चपातीला चपातीच. पहिल्या आठवड्यात या शब्दांनी मला फार धीर दिला. सगळं ओळखीचं वाटायला लागलं, आणि माणसंही ओळखीची असल्यासारखी मी वागायला लागले.

सुरुवातीला केंद्राच्या गेस्ट हाउसमध्ये होते. एका खोलीत चौघी, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू. रोज आईचा फोन यायचा, “काय गं, घर मिळालं का?” मला माझी स्वतःची शेगडी हवी होती, दार लावून निवांत बसता येईल अशी खोली हवी होती. घर मिळायच्या आधीच एका रविवारी किबुयेच्या बाजारातून दोन सुफुरिया, म्हणजे पातेली, आणि एक मच्छरदाणी घेऊन आले. सरोवराकाठी मलेरिया बारा महिने असतो.

त्याच आठवड्यात इंटरनेटवर मिलिमानी भागातल्या वन बेडरूम घराची जाहिरात दिसली. भाडं २५,००० शिलिंग. एजंट तरुण होता, बोलायला अतिशय नम्र. घर दाखवायचे म्हणून १,००० शिलिंग त्याने आधीच घेतले. गेटवरच्या वॉचमनने त्याला नावाने हाक मारली. किल्ली त्याच्याच खिशात होती. घर खरोखर चांगलं होतं. नळाला पाणी, बाल्कनीसमोर आंब्याचं झाड, बाल्कनीत आधीच्या भाडेकरूची राहिलेली निळी बादली. विजेचं मीटर प्रीपेड. पैसे भरल्यावर मिळणारं २० आकड्यांचं टोकन मीटरमध्ये कसं टाकायचं, हे त्याने मला शांतपणे दोनदा समजावलं. माझा विश्वास बसला तो तिथेच. फसवणारा माणूस इतकं कशाला शिकवत बसेल, असं वाटलं.

मग तो म्हणाला, संध्याकाळी एक जोडपं येतंय, ते लगेच पैसे भरतील. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून ५०,००० शिलिंग. आपले साधारण तीस-पस्तीस हजार रुपये.

इथे सगळे व्यवहार एम-पेसावर चालतात. २००७ पासून चालू असलेली ही मोबाइलवरची सेवा. ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव स्क्रीनवर येतं आणि व्यवहार रद्द करायची संधी मिळते. नाव आलं ते एका बाईचं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “आमच्या ऑफिसच्या अकाउंटंट आहेत.” मी त्या नावाकडे बघत होते आणि डोक्यात मच्छरदाणी कुठे टांगायची ते चालू होतं. मी पैसे जाऊ दिले. त्याने शिक्का मारलेली पावती फाडून दिली. साफसफाई करून शनिवारी किल्ली देतो म्हणाला.

शनिवारी टुकटुकमध्ये सामान घालून गेले. खिडकीला पडदे होते. दाराबाहेर लहान मुलाचे बूट नीट ओळीत ठेवलेले. एका कुटुंबाने घरमालकाशी रीतसर करार करून दोन दिवसांपूर्वीच घर घेतलं होतं. एजंटचा फोन बंद. इमारतीचे केअरटेकर वयस्क गृहस्थ. ते बाहेर आले आणि म्हणाले, “पोले साना, दादा.” वाईट वाटतं, ताई. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. हा पोरगा गिऱ्हाईक आणायचा म्हणून ते त्याला घर दाखवायला किल्ली देत असत. माझ्याआधी त्याच सकाळी आणखी एक मुलगा सामान घेऊन येऊन परत गेला होता.

चुकून गेलेले पैसे परत मागायला एम-पेसाचा मेसेज ४५६ या नंबरवर पाठवायचा असतो. मी पाठवला, पण समोरच्याने पैसे काढून घेतले असले की काही उरत नाही. माझे त्याच दिवशी काढले गेले होते. पोलिसांत तक्रार केली. तिथे ओबी नंबर मिळतो, म्हणजे नोंदवहीतला क्रमांक, तो मागून घ्याच. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

नंतर केंद्रातल्या स्थानिक सहकाऱ्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. केनियात इस्टेट एजंटची नोंदणी करणारं सरकारी मंडळ आहे, तिथे नाव आहे का ते बघायचं. केअरटेकरशी एजंटला बाजूला ठेवून बोलायचं, मालक कोण आणि त्यांचा फोन काय ते त्यांच्याकडून घ्यायचं. शेजारच्या भाडेकरूला विचारायचं की तो भाडं कुठे भरतो. पैसे मालकाच्या खात्यावर किंवा पेबिल नंबरवर, म्हणजे एम-पेसावरच्या व्यावसायिक खात्यावर, भरायचे, तेही करारावर सह्या होऊन किल्ली हातात आल्यावर. कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर कधीच नाही. आणि जाताना इथला एखादा सहकारी सोबत न्या. मी कुणाला त्रास नको म्हणून एकटी गेले होते. ते कळल्यावर माझ्या सहकारी बाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनीच मग त्यांच्या ओळखीत मला खोली मिळवून दिली. तिथूनच हे लिहितेय.

तक्रारीचं अजून काही झालेलं नाही. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. भाडं आता २२,००० आणि फोन नंबर वेगळा, पण फोटो तेच, बाल्कनीत ती निळी बादली तशीच.